दुरुस्त करून पाठवण्याची सवय

गेल्या वर्षी मला बढती मिळाली आणि ज्या सहा जणांच्या बरोबरीने मी पाच वर्षे काम केले होते, त्यांचीच मी मॅनेजर झाले. जबाबदारी त्याच दिवशी सुरू झाली. प्रशिक्षण मात्र चार महिन्यांनी मिळाले. हे प्रशिक्षण पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्या चार महिन्यांत अंगवळणी पडलेल्या गोष्टी सोडवण्यातच पुढचा बराच काळ गेला.

त्यांपैकी सर्वांत चिवट सवय म्हणजे इतरांचे काम स्वतः दुरुस्त करणे. अहवालात चूक दिसली की तो परत पाठवण्याऐवजी मीच संध्याकाळी बसून ती निस्तरत असे आणि यालाच सहकाऱ्यांना सांभाळून घेणे समजत असे. कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी आम्हाला मागच्या आठवड्याचे कॅलेंडर उघडायला लावले आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘हे माझेच काम होते का?’ याचे उत्तर लिहायला सांगितले. निम्म्याहून अधिक नोंदींपुढे मला ‘नाही’ लिहावे लागले. त्याच आठवड्यात वेळ नाही म्हणून मी दोघांच्या वन-ऑन-वन बैठका पुढे ढकलल्या होत्या, हे आठवून मला फार वाईट वाटले.

व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात व्यवस्थापकाची कौशल्ये तीन प्रकारची मानली होती: तांत्रिक, माणसांशी वागण्याची आणि संकल्पनात्मक, म्हणजे संस्थेचा एकत्रित विचार करण्याची. पद जसजसे वर जाते, तसतशी तांत्रिक कौशल्याची गरज तुलनेने कमी होते, असे त्यांचे म्हणणे. मला बढती मिळाली ती तांत्रिक कामाच्या जोरावर, आणि जरा अडले की मी त्याच कामाकडे धाव घेत होते, हे त्या मांडणीतून स्पष्ट दिसले.

उद्दिष्टे ठरवणे, कामाचे वाटप, वेळेचे नियोजन ही सत्रे उपयोगी होतीच. मला बदलले ते फीडबॅकच्या रोल-प्लेने. ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेची पद्धत आम्हाला शिकवली होती: आधी प्रसंग सांगायचा, मग प्रत्यक्ष दिसलेले वर्तन आणि त्यानंतर त्याचा परिणाम. माझी पाळी आल्यावर मी सुरुवातच केली, “तुमचं हल्ली कामात लक्ष नसतं.” प्रशिक्षकांनी मला तिथेच थांबवले. “लक्ष नाही हे तुम्ही पाहिलंत का? जे पाहिलंत तेवढंच सांगा.” तिसऱ्या प्रयत्नात वाक्य जमले: “मंगळवारच्या अहवालात दुसऱ्या पानावरची बेरीज शेवटच्या तक्त्याशी जुळत नव्हती, त्यामुळे बैठकीतली वीस मिनिटं त्यातच गेली.” या वाक्यात माणसाच्या स्वभावाविषयी एक अक्षरही नाही, आणि म्हणूनच ते ऐकून घेता येते.

दोन सत्रांमध्ये तीन आठवड्यांचे अंतर होते आणि तेवढ्यात हे प्रत्यक्ष करून पाहायचे होते. मी ज्यांच्याशी बोलायचे ठरवले, ते वयाने मोठे आणि नोकरीच्या सुरुवातीला मला काम शिकवणारे सहकारी होते. त्यांना चूक दाखवणे मला उद्धटपणाचे वाटत होते. आदल्या रात्री मी प्रसंग, वर्तन आणि परिणाम सांगणारी तीन वाक्ये कागदावर लिहून काढली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “अगं, तू दरवेळी दुरुस्त करून पुढे पाठवतेस, मग माझं चुकतंय हे मला कळणार कसं?”

इतके महिने ज्याला मी आदर समजत होते, त्यामुळे त्यांची सुधारण्याची संधीच हिरावली गेली होती. मी त्यांची माफी मागितली. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून अहवाल पाठवण्यापूर्वी तपासायच्या गोष्टींची यादी केली. त्यातले बेरीज पडताळण्याचे दोन मुद्दे त्यांनीच सुचवले.

पुढच्या महिन्याचा अहवाल आला तेव्हा एका तक्त्यात जुना आकडा राहून गेला होता. तो बदलायला मला अर्धा मिनिटही लागला नसता. मी फाइल बंद केली आणि त्यांना फोन लावला.