पाण्याची फेरी

बुधवार, २१ जानेवारी २०२६

पहाटे पाचला पिकअप बाहेर काढली तेव्हा हवेत थोडा गारवा होता. आठ वाजता गाडीच्या पत्र्याला हात लावणे अशक्य झाले होते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल शहरापासून बऱ्याच आत असलेल्या या भागात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि उन्हाळ्यात मेंढ्यांच्या स्टेशनवरचे काम म्हणजे मुख्यतः पाण्याची फेरी. स्टेशन म्हटले की आपल्याला आगगाडी आठवते. इथे हजारो हेक्टरांवर पसरलेल्या एका मालकीच्या कुरणाला स्टेशन म्हणतात आणि तारेचे कुंपण घालून पाडलेल्या त्याच्या भागांना पॅडॉक. प्रत्येक पॅडॉकमध्ये बोअर, टाकी आणि सिमेंटचा हौद आहे. ते एक दिवसाआड पाहायचे, शेवाळ काढायचे, फ्लोट, म्हणजे हौद भरला की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, वरखाली हलतो ना याची खात्री करायची आणि पुढच्या हौदाकडे निघायचे.

माझे वडील माण तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसोबत फिरणारी बिऱ्हाडे, कोकणाच्या वाटेला लागतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. मेंढी आजारी आहे हे आबांना तिच्या चालीवरून कळते, कारण ते दिवसभर तिच्या मागे चालत असतात. इथे मेंढ्यांच्या मागे कोणी चालत नाही. मेरिनो मेंढ्या जवळून दिसतात त्या वर्षातून मोजक्या वेळा, मुख्यतः कातरणीला. तेव्हा साडेसात ते साडेनऊ, दहा ते बारा, एक ते तीन आणि साडेतीन ते साडेपाच अशा दोन-दोन तासांच्या चार पाळ्यांत शेड नुसती घोंघावत असते, मधल्या चहाच्या सुट्टीला 'स्मोको' म्हणतात आणि टेबलावर पसरलेल्या लोकरीच्या कडा ओढून काढताना तिच्या तेलाने माझे तळहात मऊ पडतात. एरवी मेंढी म्हणजे दूर सॉल्टबुशच्या करड्या झुडपांतला एक मळकट ठिपका. आपण तिला राखत नाही, तिचे पाणी आणि कुंपण राखतो. बाकी सारे तिच्यावर सोडलेले असते. म्हणूनच पाण्यात झालेल्या चुकीला इथे माफी नाही.

आज सातव्या हौदाशी पोचण्याआधीच काहीतरी बिघडल्याचे जाणवले. भर उन्हात मेंढ्या सावली सोडून हौदाभोवती दाटीवाटीने उभ्या होत्या, माना खाली घालून, जराही आवाज न करता. हौद कोरडा होता. त्याच्या एका कडेची माती मात्र ओली होऊन नंतर भेगाळली होती, आणि त्या भेगा पाहताच सारे लक्षात आले. सोमवारी हौद धुताना मी फ्लोटच्या दांड्याची पिन काढली होती. परत बसवताना तिची टोके वाकवायची राहून गेली असावीत, कारण आता ती हौदाच्या तळाशी पडलेली होती. दांडा सुटला, व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि टाकीतले सगळे पाणी रात्रीतून मातीत गेले. सॉल्टबुशची खारट पाने खाणारी मेंढी अशा दिवसांत सहज आठ-दहा लिटर पाणी पिते, आणि या पॅडॉकमध्ये चारशे मेंढ्या आहेत.

रेडिओवरून मालकांना कळवले. ते पाण्याची टाकी लादलेला ट्रक घेऊन येईपर्यंत दीड तास गेला. तेवढ्यात मी पिन बसवली आणि केल्पी कुत्रीच्या मदतीने कळप शंभरेक पावले मागे रेटून धरला. तहानलेल्या कळपाला पाण्याचा वास लागला की मागच्या पुढच्यांवर चढतात आणि हौदाच्या कडेला तहानेपेक्षा चेंगराचेंगरीनेच जास्त मरतात. हौद भरल्यावर आम्ही त्यांना तीस-चाळीसच्या तुकड्यांनी सोडले. तीन मेंढ्या मात्र आम्ही पोचण्याआधीच गेल्या होत्या. मालक रागावले नाहीत. त्यांनी पिन स्वतः एकदा ओढून पाहिली आणि 'उद्या पहिल्यांदा इथे ये,' एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

रात्री नऊला घरी फोन लावला. आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार, म्हणजे आबा रानातच होते. मागून मेंढरांचे ओरडणे ऐकू येत होते. सांगायचे नव्हते, पण सांगितले.

"किती गेली?" त्यांनी विचारले.

"तीन."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकीच्यास्नी पाणी एकदम तर सोडलं न्हाईस?"

"नाही आबा, थोडी थोडी करून सोडली."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि कुठल्याशा भरकटलेल्या मेंढीला हाक मारत फोन तसाच हातात धरून चालू लागले. मी तो कापला नाही. बराच वेळ त्यांच्या पायांखालचा पाचोळा ऐकत राहिलो.

गजर पावणेपाचचा लावला आहे. खिशात चार नव्या पिना आणि पकड ठेवली आहे.