वाट पाहण्याचा खर्च

जैवतंत्रज्ञान क्षेत्रातल्या एका कंपनीच्या व्यवसायवृद्धी विभागात बरीच वर्षे काढल्यानंतर मी लघुउद्योजकांना सल्ला देण्याचे काम सुरू केले, तेव्हा तिथल्या करारांचा अनुभव भोसरीच्या किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये काय कामाचा, अशी शंका अनेकांनी बोलून दाखवली. ती रास्तच होती. कंपनीचे मूल्यांकन, गुंतवणूकदारांसमोरची सादरीकरणे, पेटंटची तटबंदी यांतले जवळजवळ काहीच दहा-बारा कामगारांच्या कारखान्यात लागू पडत नाही. एक प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. काम सुरू होणे आणि त्याचे पैसे हातात पडणे, यांच्या मधल्या काळाचा खर्च कोणी सोसायचा?

जैवतंत्रज्ञानात हा काळ इतका लांबतो, की त्याची तजवीज केल्याशिवाय कंपनी उभीच राहू शकत नाही. रॉबर्ट स्वानसन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेनटेक स्थापन केली. जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात १९७८ मध्ये यश आले, पण औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १९८२ मध्ये. या मधल्या वर्षांसाठी एली लिली या जुन्या, मोठ्या औषधकंपनीशी करार झाला होता. कामाचे टप्पे ठरलेले होते आणि संशोधन पुढे सरकेल तसा पैसा मिळत होता. विक्री लिलीने करायची आणि जेनेनटेकला स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) द्यायचे. १९८० मध्ये शेअर बाजारात आल्यावर पहिल्याच दिवशी या कंपनीचा शेअर ३५ डॉलरवरून ८८ डॉलरपर्यंत गेला, ही गोष्ट सर्वजण सांगतात. मला त्या शेअरपेक्षा तो करार अधिक शिकवून जातो.

आपल्याकडचे उदाहरण बायोकॉनचे. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळूरमध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर, एका आयरिश कंपनीच्या भागीदारीत सुरुवात केली ती पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढून विकण्यापासून. बिअर नितळ राहावी म्हणून ते वापरतात. माल साधा होता, परदेशी भागीदार हेच गिऱ्हाईक होते आणि पैसे येत होते. १९९४ मध्ये सिन्जीन ही कंपनी काढून त्यांनी इतर औषधकंपन्यांसाठी मोबदला घेऊन संशोधन करून देण्यास सुरुवात केली. औषधनिर्मितीत पाय रोवल्यावर २००७ मध्ये विकरांचा मूळ व्यवसाय नोव्होझाइम्स या डॅनिश कंपनीला विकून टाकला. आधीच्या धंद्याने पुढच्या धंद्याची वाट पाहण्याचा खर्च सोसला, असे या वाटचालीचे माझे वाचन आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा जन्मही असाच, पूनावाला कुटुंबाच्या घोडेपैदाशीच्या व्यवसायातून १९६६ मध्ये झाला.

आता माझ्या एका अशिलाकडे वळतो. नाशिक जिल्ह्यात त्यांचा द्रवरूप जैविक खतांचा कारखाना आहे. उत्पादन उत्तम, प्रयोगशाळा स्वच्छ, आणि मालक स्वतः सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर. मार्च-एप्रिलपासून फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवण्याची टाकी, रात्रंदिवस चालतो, मे महिन्यात माल कृषी सेवा केंद्रांकडे रवाना होतो आणि पैसे दिवाळीच्या सुमारास येतात, तेही न खपलेल्या बाटल्या परत पाठवून. जिवाणूंचे आयुष्य मर्यादित असल्याने परत आलेला माल पुढच्या खरिपात खपवता येत नाही. जीएसटी मात्र बिल फाडले की भरावाच लागतो. पार्टीने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही.

विक्री वाढते आहे म्हणून मालक खूश होते. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जखात्याची मर्यादा दरवर्षी अपुरी का पडते, एवढेच त्यांना कळत नव्हते. कारण येण्यांच्या यादीत दडलेले होते. नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी बँका सहसा उचल ठरवताना धरतच नाहीत. म्हणजे उधारी जितकी लांबते, तितकी खात्यातून काढता येणारी रक्कम घटते आणि नेमक्या त्याच वेळी पैशांची गरज वाढते. अशा कारखान्यात विक्री वाढली की अडचणही तेवढीच वाढते. सीसीवर वर्षाला बारा टक्के व्याज धरले, तर पाच महिन्यांची उधारी म्हणजे मालाच्या किमतीतले पाच टक्के गेले. एवढी सूट रोखीच्या गिऱ्हाइकाला द्या, असे सुचवले की मालकांना ती उधळपट्टी वाटते. व्याज मात्र उधळपट्टी वाटत नाही, कारण ते बँक परस्पर कापून घेते.

कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायची, मुदत उलटलेली देणी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या पर्चेस विभागांना यामुळे थोडी जाग आली. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला मात्र नोटीस पाठवणारा उत्पादक पुढच्या हंगामात त्या दुकानाच्या फळीवर दिसणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून या मार्गावर मी फार विसंबत नाही.

त्याऐवजी आम्ही टप्पे पाडले. फेब्रुवारीत आगाऊ नोंदणी करणाऱ्या दुकानदाराला सर्वांत मोठी सूट, जूनअखेर पैसे देणाऱ्याला त्याहून कमी, त्यानंतर पूर्ण दर. आणि परतीची मुभा फक्त पहिल्या दोघांना. काही जुनी दुकाने तुटली, तेव्हा मालक माझ्यावर नाराज झाले, आणि ते स्वाभाविक होते. (माझी फीसुद्धा मी टप्प्यांनीच घेतो, अन्यथा हा सल्ला देण्याचा अधिकार मला उरला नसता.)

सध्या वाद आहे तो दुसऱ्या फर्मेंटरचा. बँक यंत्रासाठी मुदत कर्ज द्यायला तयार आहे आणि मालकांचा जीव त्यात अडकला आहे. हिशेब पाहणाऱ्या त्यांच्या पत्नीचे म्हणणे असे, की दुप्पट माल बनवला तर उधारीही दुप्पट होईल आणि त्या उधारीसाठी कोणी कर्ज देणार नाही. दरम्यान एका मोठ्या कंपनीने पावसाळ्यानंतरच्या रिकाम्या महिन्यांत आपल्या लेबलचा माल याच कारखान्यात बनवून घेण्याची तयारी दाखवली आहे, आणि ती ऑर्डरबरोबर आगाऊ रक्कम द्यायला राजी आहे. दुसऱ्याच्या नावाचा माल बनवणे मालकांना कमीपणाचे वाटते. मी आणि वहिनी मात्र हा करार आधी करावा आणि फर्मेंटर नंतर घ्यावा, या मताचे आहोत, आणि आगाऊ रकमेची टक्केवारी तीसवरून चाळीसवर नेता येईल का, याची बोलणी पुढच्या आठवड्यात आहेत.