बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावून बघा

सेल्फ मारला की गाडी घर्र... घर्र... अशी रडायला लागली की पहिला सल्ला ठरलेला, बॅटरी गेली, नवीन टाक. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर तो बरेचदा खराही निघतो, पण न मोजता दिलेला असतो म्हणून मला त्याचा राग येतो. दोष अल्टरनेटरमध्ये (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) किंवा वायरिंगमध्ये असला तर नवी बॅटरीपण तशीच उतरणार आणि खर्च वाया. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा, निम्म्याहून जास्त तपासणी घरीच होते.

पहिलं माप सकाळी घ्यायचं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. बॉनेट आदल्या रात्रीच सोडून ठेवा, कारण दार उघडलं की दिवे लागतात, कॉम्प्युटर जागा होतो आणि आकडा थोडा पडतो. नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला १२.६ किंवा थोडं वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आत सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ व्होल्ट, म्हणून रात्रभर चार्ज करूनही बॅटरी साडेदहाच्या आसपास अडकत असेल तर एक सेल गेलाय, तिथे विषय संपला.

पण १२.६ दिसलं म्हणजे बॅटरी ठणठणीत असं अजिबात नाही! जुन्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं, नुसती उभी असताना व्होल्ट छान दाखवते आणि सेल्फला शेकडो अँपिअर द्यायची वेळ आली की मान टाकते. म्हणून बॅटरी फुल चार्ज करा, कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही मीटरवर नजर ठेवा. साधारण ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही, थंडीत थोडं जास्त पडतं तेवढं धरून चाला.

आता ही पुढची गोष्ट फार कमी लोक करतात आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर बरोबर मधोमध टेकवा, दुसरी त्याच खुंट्यावरच्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारा. दोन्हींत जेमतेम अर्ध्या इंचाचं अंतर, त्यामुळे मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर तेवढे व्होल्ट त्या सांध्यातच जळतायत, बॅटरी बिचारी चांगली असेल. क्लॅम्प काढला की आतून काळपट थर दिसतो, बाहेरून पांढरी-हिरवी पावडर नसली तरी. गरम पाणी, खायचा सोडा, वायर ब्रश, आणि काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टीपण अशीच तपासा, तिथे सेल्फ मारताना ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे.

मग चार्जिंग. इंजिन चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला पाहिजेत, हेडलाइट आणि ब्लोअर लावून थोडी रेस दिली तरी साडेतेराच्या वर टिकले पाहिजेत. नाही टिकले तर आधी बेल्ट बघा, मग अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरतो तो) आणि त्यातले कार्बनचे ब्रश. १५ च्या वर जात असेल तर उलटा प्रॉब्लेम, रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उडवतोय. नवीन गाड्यांत मात्र कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज वरखाली करतो, तिथे एका आकड्यावरून अल्टरनेटरला फाशी देऊ नका. आणि डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा हा चार्जिंगचा दिवा असतो, बॅटरी म्हातारी झाली म्हणून तो लागत नाही.

एक जुनी सवय अजून दिसते, अल्टरनेटर तपासायला चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायचं. प्लीज करू नका! बॅटरी मधून गेली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेग्युलेटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काहीही उडू शकतं.

बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक आणि तरीही बॅटरी सकाळी उतरलेली? मग काहीतरी रात्रभर करंट खातंय. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन, निगेटिव्हचा क्लॅम्प काढून खुंटा आणि क्लॅम्प यांच्या मध्ये जोडा, दार उघडं ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवा म्हणजे गाडीला दार बंद वाटतं, लॉक करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, त्याचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यावर आकडा धपकन पडेल ती लाइन. माझ्या गाडीत डॅशकॅम निघाला, बसवणाऱ्याने तो कायम करंट असलेल्या फ्यूजवर जोडला होता, चावी काढली तरी चालूच. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची मोठी वायर सोडून बघा, त्याच्या आतल्या खराब डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असंच गळतं.

सापडल्यावर उतरलेली बॅटरी चार्जरवर सावकाश रात्रभर लावा, जंप स्टार्ट करून अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नका, रिकामी बॅटरी भरत बसणं हे त्याचं कामच नाही.