शूज पस्तिसाव्या किलोमीटरसाठी

दुकानात कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बन फायबरची कडक पट्टी असलेले, पळायचे शूज घालून चार पावलं टाकली की कुणालाही वाटतं, आपण आता सुटलोच. खाली जाड आणि तरी हलका फोम, चवड्यावर वजन आलं की पाय आपसूक पुढे लोटला जातो. "जरा जॉग करून बघा ना मॅडम," असं सेल्समन म्हणतो आणि आपण आरशासमोरून दोन फेऱ्या मारून हसत परत येतो. या हसण्याची किंमत वीस हजारांच्या वर जाते. नवऱ्याने आकडा ऐकून एकच प्रश्न विचारला, "म्हणजे पळायचं तूच ना अजून?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण मुद्दा बरोबर होता. जानेवारी २०२५ ची मुंबईची फुल मॅरेथॉन डोक्यात होती. आधीची सर्वोत्तम वेळ साडेचार तासांच्या आसपास, आणि या खेपेला सव्वाचार तासांत संपवायची इच्छा. म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३ सेकंद, ताशी दहा किलोमीटरला किंचित कमी. ज्या शूजची कीर्ती आपण ऐकतो ती या वेगाची नाही. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं तेव्हा तो किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंदांनी पळत होता. माझ्या दुपटीहून जास्त वेगाने. त्याच्या पायातलं गणित माझ्या पायात तसंच बसेल असं मानायला काही कारण नव्हतं.

म्हणून आधी थोडं वाचलं. नायकीच्या पहिल्या व्हेपरफ्लायच्या नावातच चार टक्के होते, ते अमेरिकेतल्या बोल्डरच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतून आलेले. पण तिथे ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटरने पळणारे पट्टीचे धावपटू होते, आणि चार टक्के हा ऊर्जेच्या खर्चातला फरक होता, वेळेतला नव्हे. २०२३ मध्ये सावकाश पळणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास माझ्या जास्त कामाचा निघाला. त्यात ताशी १२ किलोमीटरला सरासरी बचत १.४ टक्के आणि ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के. तीही सरासरी. दहाच्या वेगाला काहींना याच शूजमध्ये उलट जास्त ऊर्जा लागली. माझ्या २५५ मिनिटांच्या हिशेबात ०.९ टक्के म्हणजे फार तर दोन-सव्वादोन मिनिटं, आणि नशीब वाईट असेल तर तेही नाही.

आणखी एक गोष्ट वाचून गंमत वाटली. आपण सगळे याला 'कार्बनचे शूज' म्हणतो, पण २०२२ च्या एका अभ्यासात प्लेट चवड्याखाली आडवी कापून पाहिली तेव्हा ऊर्जेच्या खर्चात फरक पडला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास, धरला तर आहे आणि सोडला तर नाही असा. म्हणजे श्रेय बरंचसं फोमचं. पेबा नावाच्या प्लास्टिकचा हा फोम दाबल्यावर घेतलेली ऊर्जा बऱ्याच प्रमाणात परत देतो आणि वजनाला हलका असतो, त्यामुळे त्याचा जाड थर देता येतो. किती जाड, यावर वर्ल्ड ॲथलेटिक्स या ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये मर्यादा घातली: रस्त्यावरच्या शर्यतीसाठी ४० मिलिमीटर, आणि प्लेट एकच. माझ्यासारखीला बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, देताना कुणी पट्टी घेऊन तळ मोजत नाही, पण कंपन्या त्याच मापाच्या अगदी जवळ जातात. चार सेंटिमीटर उंच, मऊ तळावर चार तास. मला काळजी होती ती या उंचीची.

पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक सोय असते, ती दुकानात नसते. माझ्याच मापाची एक मैत्रीण आहे, तिच्याकडे अशा शूजची एक जोडी थोडी वापरून पडून होती. मऊ, उंच, टाचेशी निमुळती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. माझ्या रुंद पंजाला जे झालं ते तुमच्या पायाला होईलच असं नाही, आणि त्यात शूजचा दोष किती, माझ्या पायाचा किती, हे मलाही वेगळं काढता येत नाही.

पहिली चाचणी प्रियदर्शिनी पार्कच्या सिंथेटिक ट्रॅकवर. मुंबईच्या दमट हवेत पळता पळता हृदयाचे ठोके वेग तोच ठेवूनही वाढत जातात, त्यामुळे आधी जुने आणि मग नवे असं पळालं तर नव्यांवर अन्याय होतो. क्रम लावला तो असा: जुने, नवे, नवे, जुने. मधे बाकावर बसून घामेजल्या बोटांनी नाड्या सोडायच्या-बांधायच्या. शेजारी चालायला आलेल्या एका आजींनी विचारलंच, "बाळ, चावतायत का गं?" निकाल असा लागला की सहाच्या पेसला, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगाला, घड्याळाला काही फरक दिसेना. साडेपाचच्या पेसला मात्र दिसला: ठोके तेवढेच, आणि किलोमीटरला चार-पाच सेकंद कमी. घरगुती चाचणीला अर्थ किती द्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, पण वाचलेल्याशी ते जुळत होतं.

इथे बरेच जण थांबतात आणि शूज घेऊन टाकतात. मीही उत्साहात आमच्या कोच सरांना सांगितलं, "सर, पळायला मस्त वाटतंय." आमचे सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, मला ताई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. ते म्हणाले, "कुठपर्यंत मस्त, ताई? पंचविसापर्यंत सगळंच मस्त असतं. दमल्यावर घाला, मग सांगा."

दमल्यावर घालायचे, तर लाँग रनच्या मध्यावर शूज बदलायला हवेत. त्या रविवारी मी शिवाजी पार्काऐवजी नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपासून निघाले, म्हणजे परतताना हाजी अलीकडून पेडर रोडचा चढ शर्यतीतल्यासारखाच उतरत्या ताकदीवर येईल. मरिन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी, माहीमपर्यंत जुन्या शूजमध्ये. परतताना शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मैत्रिणीची पिशवी ठेवलेली होती. तिथे लिंबूसरबताचे दोन घोट, मीठ, आणि पायात नवी जोडी. सर स्कूटरवरून मागे.

वरळीपर्यंत खरंच मजा आली. सतरा-अठरा किलोमीटर पळून जड झालेले पाय पुन्हा उचलले जाऊ लागले. हाजी अली मागे पडलं, चढ सुरू झाला आणि मला माझे पाय ऐकू यायला लागले. या शूजना एक आवाज असतो, कोरडा, टाळी वाजवल्यासारखा. रविवारची सकाळ, गाड्या तुरळक, त्यामुळे तो स्पष्ट येत होता. उजव्याचा 'टप' आणि डाव्याचा 'टपप'. डावा पाय एकदा टेकून, थोडा कलून, मग पूर्ण टेकत होता. लक्ष देऊन सरळ करायला गेले की दहा-बारा पावलं सरळ पडायची, पुन्हा तेच. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर तर घोटा आतल्या बाजूला ढळतोय हे मला न बघता कळत होतं.

मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून सरांनी मोबाइलवर मागून घेतलेलं चित्रण दाखवलं. वरळीला दोन्ही टाचा उभ्या. पेडर रोडला डावी आत कललेली, अगदी ठळक. घरी येऊन जोडी जेवणाच्या टेबलावर ठेवली (खाली वर्तमानपत्र घालून, नाहीतर वेगळा प्रसंग घडला असता) आणि मागून डोळ्यांच्या पातळीवर पाहिली. डाव्या शूजच्या फोमवर आतल्या बाजूला आडव्या सुरकुत्या होत्या, बाहेरच्या बाजूला जवळजवळ नव्हत्या. उजव्यावर दोन्हीकडे सारख्या. मैत्रिणीला विचारलं तर तिच्या वापरात असं काही दिसलं नव्हतं. ती वजनाला हलकी आहे आणि तिचे घोटे माझ्यापेक्षा घट्ट आहेत.

फिजिओने दुसरी बाजू सांगितली. मला पूर्वी टाचेमागच्या शिरेचा त्रास झालेला, त्यामुळे तिला आधी विचारणं भागच होतं. ती म्हणाली की असे शूज अंगठ्याच्या सांध्याचं काम कमी करतात, पण ताण नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. याच शूजच्या वापराशी संबंध असावा अशा, पायाच्या मध्यावरच्या नेव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाच्या दुखापती पाच खेळाडूंमध्ये दिसल्याची नोंद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. पाचांवरून घाबरायचं नाही, पण रोज घालायचेही नाहीत. आठवड्यातून एकदाच, तेही वेगाच्या किंवा लांबच्या दिवशी, बाकी साधे. शिवाय एका पायावर उभं राहून टाच उचलण्याचे व्यायाम, दोन्ही बाजूंनी. डाव्या पायावर माझे आठ झाले की पिंडरी थरथरायची, उजव्यावर पंधरा आरामात. चढावरचा तो 'टपप' कुठून येत होता याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

मग दुसरी जोडी शोधली, ती निकष उलटे लावून. टाचेशी रुंद, फोम थोडा कडक, उडी कमी. दुकानात संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि मुंबईत तिसाव्या किलोमीटरनंतर त्याहून फुगतो. लांब पळताना वापरते तेच मोजे घालून, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा. मी शूज घालून पायरीवरून एका पायावर का उतरून बघतेय, ते सेल्समनला काही कळेना. "मॅडम, हे थोडे कमी बाउन्सी आहेत," असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. म्हटलं, तेच हवेत.

परतीच्या पावसानेही एक परीक्षा घेतली. ऑक्टोबरातली सर येऊन गेलेली, वरळी सी-फेसला झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे ओले. अशा शूजच्या तळाला रबर मुळात बेताचं लावलेलं असतं, वजन वाचवायला. डांबरावर पकड ठीक होती, पट्ट्यांवर नव्हती. शर्यतीत पाऊस नसतो, पण पाण्याच्या स्टेशनपाशी शेकडो लोकांनी ओतलेलं पाणी आणि चिरडलेल्या बाटल्या असतात. त्यामुळे टेबलाच्या पहिल्या टोकाला न थांबता शेवटच्या टोकाशी, बाहेरच्या कडेने पाणी घ्यायचं, हे तेव्हाच ठरवलं.

डिसेंबरात पुन्हा एनसीपीए ते माहीम आणि परत, शूजची अदलाबदल तिथेच कट्ट्यावर. या वेळी चढावर मी कान देऊन पळाले. टप, टप. अगदी शेवटी मरिन ड्राइव्हला थोडा फरक आला, पण चित्रणात टाच उभी होती. यात व्यायामाचा वाटा किती आणि शूजचा किती, सांगता येणार नाही. वेळेत काही चमत्कार नव्हता. फरक दिसला सोमवारी. तीस किलोमीटरनंतरच्या सोमवारी दादरच्या पुलाच्या पायऱ्या मी कठड्याला धरून, बाजूने खेकड्यासारखी उतरते. त्या सोमवारी माणसासारखी उतरले. माझ्या दृष्टीने वीस हजारांतले निम्मे तिथे वसूल झाले. सावकाश पळणाऱ्यांना या शूजचा खरा उपयोग बहुधा हाच आहे, मांड्या उशिरा भरून येणं. जाहिरातीत तो कुणी सांगत नाही, कारण त्यात विक्रम मोडत नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटलो. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम ६:१० च्या आसपास ठेवले, कारण हे शूज सुरुवातीला फार खोटं बोलतात. पेस वाढलेला कळतच नाही. सी-लिंकवर वारा बरा होता. पेडर रोडला मी चालले नाही, यापूर्वी प्रत्येक वेळी थोडं तरी चालले होते. वेळ ४ तास १७ मिनिटं आली. दोन मिनिटं हुकली, पण त्याबद्दल शूजना काही म्हणायचं नाही. गिरगाव चौपाटीला पोटात गोळा आला तो पळताना ताकदीसाठी खातात त्या एनर्जी जेलचा होता.

जोडी आता खोक्यात आहे, आतून कोरडी करून, वर्तमानपत्राचे बोळे भरून. गाडीच्या डिकीत ठेवत नाही, उन्हाने फोमचं काय होईल ते नको. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला ती येणार नाही. येवतेश्वरच्या घाटाने चढायचं आणि तोच उतार भर पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर उतरायचा, तिथे मला चार सेंटिमीटरचा मऊ तळ नको, जमीन लागायला हवी. तिथे जुने साधेच शूज घालणार आहे. मैत्रिणीची ती पहिली जोडी मात्र साताऱ्याला जातेय; तिच्या घोट्यांना चालतं म्हणे.