पावणेसहाची स्कूटर

खरं सांगायचं तर माझ्याकडे निर्धार वगैरे काही नाहीये. दर एक जानेवारीला येतो, बोडगेश्वराच्या जत्रेपर्यंत कसाबसा टिकतो आणि मग जत्रेत खाजं घेता घेता गर्दीत कुठेतरी सांडतो, परत सापडत नाही. तरीपण लोक मला जिद्दी समजतात. आमची वहिनी तर तिच्या मुलीला सांगते, आत्याकडून शिक जरा, दुकान सांभाळून पैसे कसे साठवले बघ. मी गप्प बसते. काय सांगणार, की बाई हे माझं काम नाही, पावणेसहाला जी स्कूटर येते ना तिचं आहे?

म्हापशात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. गेली चार वर्षं रोज संध्याकाळी, रविवार सोडला तर, पिग्मीवाले काका येतात, म्हणजे बँकेच्या बचतीचे रोजचे पैसे दारात येऊन नेणारे. स्कूटरवरून उतरत नाहीत, एक पाय गटाराच्या लादीवर टेकवतात आणि हाक मारतात, "बाय". बस, एवढंच. मी शंभराची नोट देते, ते त्यांच्या त्या छोट्या मशीनची बटणं दाबतात, चिठ्ठी फाडून देतात आणि पुढच्या चपलांच्या दुकानाकडे जातात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 2600, वर्षाचे 31,200. आता गणित किती सोपं आहे, पण हे गणित मला काका यायच्या आधीपण येत होतंच की, बारावीला कॉमर्सच होतं माझं. शंभर रुपये तेव्हाही गल्ल्यात असायचे आणि तेव्हाही रोज संध्याकाळी कुठेतरी जायचेच, फक्त कुठे ते कळायचं नाही.

काका आले की मात्र पंचाईत होते. नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणावं लागतं, समोरच्या माणसाकडे बघून, आणि शेजारी चप्पलवाला ऐकत असतो. पहिल्या वर्षी मी दोनतीनदा म्हणून बघितलं, "फाल्यां दितां", उद्या देते. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवून गेले. त्या रात्री मला उगाच चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. माझेच पैसे, माझंच खातं, आणि लाज मात्र त्यांची.

ही पिग्मी मूळची उडुपीची. 1925 मध्ये तिथे टी. एम. ए. पै आणि त्यांच्याबरोबरच्यांनी विणकरांना हात देण्यासाठी एक छोटी बँक काढली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली (आणि 2020 मध्ये कॅनरा बँकेत गेली), आणि 1928 पासून त्यांची माणसं दारोदार फिरून रोजचे दोन दोन आणे गोळा करायला लागली. दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे. मला ह्यातली रक्कम नाही, ते दारोदार भारी वाटतं. ज्याने कोणी ही आयडिया काढली त्याला माणूस बरोबर कळला होता, की हा स्वतःच्या पायाने बँकेपर्यंत येणार नाही, ह्याच्या दारातच उभं राहायला पाहिजे.

माझा भाऊ एकदम हिशेबी. तो म्हणतो पिग्मीला व्याज किती कमी, मुदतीआधी मोडलं तर तेही हातात येत नाही, त्यापेक्षा पोस्टात आरडी कर, पीपीएफ कर. त्याचं बरोबरच आहे हो, कागदावर मी त्याला कधीच हरवू शकणार नाही. त्याचं ऐकून पोस्टात पाच वर्षांची आरडी केली पण होती, मधे एजंट नको, आपण सुशिक्षित, आपणच जाऊन भरू. पहिले पाच हप्ते वेळेवर. सहावा पावसात राहिला. हप्ता चुकला की शंभराला एक रुपया दंड, आता हा दंड मला घाबरवायला ठेवलाय की लाडवायला तेच कळत नाही, कारण मी दरवेळी म्हणायची जाऊदे, पाच-दहा रुपये तर जास्त जातील. असं करत करत चार हप्ते राहिले आणि खातं बंद पडलं. दोन महिन्यांत परत चालू करता येतं, पण ते दोन महिने पण माझ्यासारखेच, फाल्यां फाल्यां करत गेले. मग मोबाईलवर एक सोय केली, दर पाच तारखेला पैसे आपोआप कापले जायचे. एका महिन्यात खात्यात पुरेसे नव्हते, बँकेने वर दंड लावला, मला इतका राग आला की दोन बोटांनी ते सगळं बंद करून टाकलं. मोबाईलला तोंड नाही ना, त्याची लाज कशी वाटणार.

आणि तसं बघायला गेलं तर निर्धार म्हणजे काय ते आमच्या कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांकडून शिकावं. मी दुकान घातल्यापासून बघतेय, माणूस रोज न चुकता आकडो लावतो, म्हणजे मटका. ऊन, पाऊस, गणपतीची चवथ, कर्फ्यू, काही नाही. स्वप्नात म्हैस दिसली तर अमुक नंबर, साप दिसला तर तमुक, सगळं पाठ. कधीकधी माझ्याकडे येऊन मागच्या महिन्याचे आकडे कागदावर नीट मांडून त्याची झेरॉक्स काढून घेतो, अभ्यासासाठी. अशी चिकाटी माझ्यात असती तर मी एव्हाना सीए झाले असते.

पैशाचं सोडा, बाकीचं पण तसंच. सकाळी चालायला जायचं ठरवलं, महाग बूट घेतले, ते आता पावसात बाजारात घालते. पण घुमट, म्हणजे आमच्याकडचं मडक्यासारखं वाद्य, ते मात्र शिकले. आमच्याकडे चवथीला घुमट आरती जोरात, पण वाजवणारे सगळे पुरुष आणि आम्ही मागे टाळ्या वाजवायला. लहानपणापासून हात शिवशिवायचे. तर वाड्यावरच्या तिघीजणींनी ठरवलं की शिकायचं, आणि आमचा सोपा, म्हणजे ओसरी, मोठा म्हणून जागा आमच्याकडे. इथेच मी सापडले! रविवारी रात्री आठला त्या तिघी चपला काढून सोप्यावर येऊन बसतात, एकीच्या काखेत घुमट, दुसरीच्या गळ्यात शामेळ, आता मी आतून कसं सांगणार की आज कंटाळा आलाय? पहिले सहा महिने आमचा जो काय आवाज निघायचा त्याला शेजारच्या कुत्र्यांनी बरोबर दाद दिली. आता दोन चाली बऱ्या जमतात. शिकवायला येतात ते मामा म्हणतात, डाव्या हाताने मागचं तोंड झाकायला-उघडायला अजून घाई करतेस. करते खरी.

तर जुलैमध्ये काका यायचे बंद झाले. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी आपोआप गल्ल्यातून शंभर काढले आणि हातात धरून बसले, गिऱ्हाईक समोर उभं आणि मी रस्त्याकडे बघतेय. चप्पलवाल्याने सांगितलं, काका पावसात स्कूटरवरून पडले, पाय मुरगळलाय, आठवडाभर येणार नाहीत. मग मी ती नोट बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली. म्हटलं आल्यावर एकदम देऊ, उगाच मधे खाडा नको दिसायला. रोज टाकत गेले. स्वतःचं इतकं कौतुक वाटायला लागलं की एकदोघींना सांगितलं पण.

पाचव्या दिवशी शुक्रवार. बाजारात रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळंबी आलेली, पानात बांधून बायका बसलेल्या. वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळतात, भाव विचारला तर काळजात चर्र झालं, पण अळंबीचं शागोती करून खाल्लं नाही तर पावसाळा झाला असं वाटतच नाही. घरखर्चातले कमी पडले. डब्यातले दीडशे घेतले. सोमवारी परत ठेवू म्हटलं.

काका आठ दिवसांनी आले, पायाला पट्टा, रेनकोट, मशीन प्लास्टिकच्या पिशवीत. मी डबा उघडून पैसे दिले. त्यांनी दोनदा मोजले.

"साडेसशें," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, अळंबी आलेली."

त्यांनी मशीनवर साडेसहाशे टाकले, चिठ्ठी फाडली, आणि स्कूटर चालू करता करता भाव विचारला, "कितक्याक मेळ्ळीं?"