पहाटे ५:५९ च का? लाँच नोंदवहीतली प्रगती

मंडळी, मागं म्हणलं होतं की लष्करी आणि गुप्त उपग्रहांच्या लाँचची एक वही करायलोय, तर तिची आता थोडी प्रगती झालीय म्हणून लिहायलो. वही म्हणजे साधं दुकानातलं लांबडं रजिस्टर. पहिल्यांदा त्यात तारीख, रॉकेट, उपग्रहाचं नाव आणि वजन एवढेच रकाने होते. नंतर तीन वाढवले, घड्याळातली वेळ, कक्षेची उंची आणि उडाल्यावर रॉकेट कुठल्या दिशेला गेलं ते. हे रकाने भरत गेलो तसं सगळं बोलायला लागलं बघा. गुप्त मिशनमधी आत काय बसवलंय ते लपवता येतं, कॅमेरा किती ताकदीचा ते लपवता येतं, पण पृथ्वी फिरायची थांबत नाही आणि समुद्रातली जहाजं, वरची विमानं यांना आधी सांगावंच लागतं की अमुक वेळेला इथं थांबू नका, वरून रॉकेटचे रिकामे टप्पे पडणार आहेत. डब्यात कोण बसलंय ते माहीत नसू द्या, गाडी किती वाजता आणि कुठल्या रुळावरून सुटली एवढं कळलं तरी ती कुठं चाललीय याचा अंदाज येतोच की.

आधी आपल्या श्रीहरिकोट्याचं घेऊ, कारण वहीत सगळ्यात जास्त पानं त्याचीच आहेत. वेळेचा रकाना नुसता वरून खाली वाचत या. रिसॅट-१, २६ एप्रिल २०१२, पहाटे ५:४७. ईओएस-०४, १४ फेब्रुवारी २०२२, पहाटे ५:५९. ईओएस-०९, १८ मे २०२५, परत ५:५९. तिन्ही रडारवाले. आता कार्टोसॅट बघा, २०१७ चा फेब्रुवारी आणि जून, २०१८ चा जानेवारी, २०१९ चा नोव्हेंबर, सगळे सकाळी ९:२८ नाहीतर ९:२९ ला. हे कॅमेऱ्यावाले.

असं का, तर कॅमेऱ्याला ऊन लागतं. सकाळचं तिरपं ऊन असलं की सावल्या पडतात, सावलीवरून इमारतीची उंची काढता येते आणि दुपारचे ढगही तवर जमलेले नसतात. म्हणून कक्षा अशी निवडतात की उपग्रह कुठल्याही गावावरून जेव्हा जाईल तेव्हा साधारण त्याच सकाळच्या वेळेला जाईल, हिलाच सूर्य-समकालिक कक्षा म्हणतात. रडारला मात्र उजेडाचं काही देणंघेणं नाही, ते रात्रीही बघतं, ढगातूनही बघतं, पण वीज लई खातं. त्याचे सोलर पॅनल सतत उन्हात पाहिजेत. मग त्याला दिवस आणि रात्र यांच्या सीमारेषेवरून फिरवतात, म्हणजे सकाळी सहा-संध्याकाळी सहाची कक्षा, तिथं तो सावलीत जवळजवळ जातच नाही. आणि तसल्या कक्षेत टाकायचं तर पृथ्वी फिरून लाँचपॅड त्या कक्षेच्या बरोबर खाली यायची वाट बघावी लागते, ती वेळ सहाच्या आसपासच येते. ५:५९ चं कारण हे एवढंच आहे. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रजिस्टर तसंच उघडं ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो, इतकं ते साफ आहे.

पण नुसत्या वेळेवर भरवसा ठेवू नका. एमीसॅट १ एप्रिल २०१९ ला सकाळी ९:२७ ला गेला, म्हणजे कार्टोसॅटच्याच रांगेत, पण तो कॅमेऱ्याचा उपग्रह नाही, विद्युतचुंबकीय लहरी मोजायला म्हणून सांगितलेला ४३६ किलोचा उपग्रह, आणि उंची ७४८ किलोमीटर. अशा वेळी उंचीचा रकाना कामाला येतो. आणि मायक्रोसॅट-आर तर वेगळीच नोंद आहे, २४ जानेवारी २०१९, रात्री ११:३७, उंची फक्त २७४ किलोमीटर. इतक्या खाली विरळ हवेचं घर्षण चांगलंच लागतं, तिथं उपग्रह फार काळ टिकत नाही. मग २७ मार्चला मिशन शक्तीत ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र सोडून तोच पाडला. उंची तेवढी कमी ठेवली म्हणून तुकडे बरेचसे लवकर खाली येऊन जळायची सोय झाली. ही ओळ मी लाल शाईनं लिहिलीय.

आता दिशेचा रकाना, माझा सगळ्यात आवडता. श्रीहरिकोटा उत्तर अक्षांश १३.७ वर, पूर्वेला बंगालचा उपसागर मोकळा, म्हणून पूर्वेकडं सोडलं की पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला साधारण ४५० मीटरचा धक्का फुकट मिळतो. संपर्क उपग्रहाला हे सोन्यासारखं. नौदलासाठीचा सीएमएस-०३, २ नोव्हेंबर २०२५ ला एलव्हीएम-३ नं नेला, ४४१० किलो, तो तसाच पूर्वेकडं गेला. त्याच्या आधीचा नौदलाचा जीसॅट-७ मात्र ३० ऑगस्ट २०१३ ला फ्रेंच गयानातल्या कुरूवरून एरियन-५ नं गेला होता, कारण २६५० किलो उचलील असं भरवशाचं रॉकेट तेव्हा आपल्याकडं नव्हतं. बारा वर्षांत लाँचची जागा कुरूवरून श्रीहरिकोट्याला आली, वहीतल्या या दोन ओळी एकाखाली एक बघितल्या की छाती भरून येते.

दक्षिणेकडं मात्र आपली अडचण आहे. ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेला सरळ दक्षिणेला जावं लागतं आणि मधी श्रीलंका. म्हणून आपलं पीएसएलव्ही रॉकेट आधी आग्नेयेला निघतं आणि श्रीलंका टाळून मग दक्षिणेला वळतं. या वळणात वजन उचलायची बरीच ताकद वाया जाते. मोठ्या पीएसएलव्हीला ते परवडतं, छोट्या एसएसएलव्हीला नाही परवडत. तूतुकुडी जिल्ह्यात कुलसेकरपट्टिनमला नवं लाँचपॅड बांधायलेत ते यासाठी, तिथून दक्षिणेला सरळ समुद्रच समुद्र. पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झालीय. तिथून पहिलं उड्डाण झालं की वहीत जागेचा रकाना वेगळा करावा लागणार, कारण लहान लष्करी उपग्रह घाईनं सोडायचे असले तर ती जागा फार कामाची ठरंल असं माझं ठाम मत आहे.

रिसॅट-२बी आणि त्याचं भावंड रिसॅट-२बीआर१ हे दोघं वेगळे आहेत. २२ मे २०१९ ला पहाटे ५:३० आणि ११ डिसेंबर २०१९ ला दुपारी ३:२५, म्हणजे वेळेचा काही मेळच नाही. कारण यांची कक्षा ध्रुवीय नाही, विषुववृत्ताशी ३७ अंशांनी कललेली आहे. म्हणजे हे उत्तरेला ३७ अंशांच्या वर जातच नाहीत, जम्मू-काश्मीरच्या टोकापर्यंत जातात आणि परत फिरतात. सगळं लक्ष आपल्या पट्ट्यावर, दिवसातून कितीतरी फेऱ्या. सूत्र सोपं आहे, कललेपणाचा कोसाइन म्हणजे जागेच्या अक्षांशाचा कोसाइन गुणिले दिशेचा साइन, दिशा उत्तरेपासून पूर्वेकडं मोजायची. श्रीहरिकोटा घालून ३७ अंशांसाठी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, कॅल्क्युलेटर साधारण ५५ दाखवतं, ते १८० मधून वजा केलं की १२५ अंश येतं, आग्नेय दिशा. नकाशावरचे धोक्याचे पट्टे, म्हणजे टप्पे पडायच्या जागा, त्याच रेषेच्या आसपास पडले तर समजा सूत जुळलं.

पट्टे कसे काढायचे ते बऱ्याच जणांनी विचारलं होतं. विमानांसाठीची नोटॅम ही सूचना सगळ्यांना खुली असते, जहाजांसाठी नॅव्हएरिया इशारे असतात, आपल्या बाजूच्या समुद्राचं क्षेत्र आठवं, ते डेहराडूनचं आपलं जलसर्वेक्षण कार्यालय सांभाळतं. नोटॅममधी वेळ दहा आकड्यांत येते, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट असं सलग, आणि ती युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे आपलं १८ मेचं ५:५९ त्या पद्धतीत २५०५१८००२९ होतं. खाली चौकोनांच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत दिलेले असतात. ते एकेक करून नकाशात टाकायचे, कोपरे जोडायचे, मग किनाऱ्याजवळ एक तुकडा, पुढं एक, आणि फार लांब हिंदी महासागरात एक असे दिसतात. त्यांच्या मधून पट्टी धरून रेघ मारली की दिशा हातात. एकच लांबच लांब पट्टा सलग दिसला आणि जागा ओडिशाची असली तर ते बहुतेक क्षेपणास्त्राची चाचणी, ते वेगळ्या वहीत.

बाहेरच्या देशांची पानंही भरायलोय. अमेरिकेची एनआरओ ही हेर उपग्रहांची संस्था आपल्या मिशनला एनआरओएल आणि एक आकडा देते, पण आकडे क्रमानं येत नाहीत, त्यामुळं आकड्यावरून काही शोधायला जाऊ नका. जागा बघा. कॅलिफोर्नियातलं व्हॅन्डेनबर्ग असलं की दक्षिणेला पॅसिफिक मोकळा, म्हणजे बहुतेक ध्रुवीय किंवा जास्त कललेली कक्षा. फ्लोरिडाचं केप कॅनव्हरल असलं की पूर्वेला, वरची उंच कक्षा असायची शक्यता जास्त. न्यूझीलंडच्या माहियावरूनही छोट्या इलेक्ट्रॉन रॉकेटनं ३१ जानेवारी २०२० ला एनआरओएल-१५१ गेलं. चीनचे याओगान-३० हे टेहळणी उपग्रह तिघातिघांच्या जुडीनं शीचांगवरून सुटले, कललेपणा ३५ अंश, म्हणजे आपल्या डोक्यावरून त्यांची ये-जा चालूच.

सगळ्यात भारी पान इस्रायलचं. त्यांच्या पूर्वेला शेजारी देश, तिकडं रॉकेट सोडता येत नाही, म्हणून ओफेक उपग्रह पालमाखिमवरून पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरून, पृथ्वीच्या फिरण्याच्या उलटे सोडतात. त्या अक्षांशाला पृथ्वीचा वेग सेकंदाला ३९० मीटरच्या वर, तो मिळायचा तर सोडाच, उलटा भरून काढायचा, म्हणजे दुहेरी तोटा, आणि उपग्रह हलका ठेवावा लागतो. म्हणूनच त्यांचा टेकसार हा रडार उपग्रह २१ जानेवारी २००८ ला आपल्या पीएसएलव्ही-सी१० नं श्रीहरिकोट्यावरून गेला, ४१ अंशांच्या कक्षेत. आणि २६/११ नंतर २० एप्रिल २००९ ला गेलेला आपला रिसॅट-२ त्याच इस्रायली घराण्यातला, कललेपणाही तोच ४१. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की नातं आपोआप दिसतं. रिसॅट-२ नं भरपूर काम केलं आणि ३० ऑक्टोबर २०२२ ला वातावरणात शिरून संपला.

ईओएस-०९ चं लिहायला हात जड होतो. तिसऱ्या टप्प्यात चेंबरमधला दाब पडला आणि उपग्रह कक्षेत गेलाच नाही. इस्रोचं ते १०१ वं लाँच होतं. वेळ बरोबर, दिशा बरोबर, रेषा माझ्या नकाशावर अगदी जिथं पाहिजे तिथं, आणि उंचीच्या रकान्यात आडवी रेघ. लई वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आता बघायचं कसं, हे लातूर-बीड-धाराशिवकडच्या मंडळींसाठी. सहा-सहाच्या कक्षेतले उपग्रह आपल्यावरून नेमके संधिप्रकाशात जातात, उन्हाळ्यात आभाळ तेव्हा उजेडाचं असतं म्हणून दिसत नाहीत. लातूरची स्थानिक वेळ भारतीय वेळेपेक्षा साधारण २४ मिनिटं मागं, म्हणजे उपग्रह डोक्यावर आला तर सहा चोवीसच्या आसपास. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतबाहेरच मावळतो, म्हणून हिवाळाच धरा. त्यातही संध्याकाळी पश्चिमेकडून जाणारी फेरी निवडा, ती उशिरा येते, तवर अंधार पडलेला असतो. पहाटे उलट, पूर्वेकडची फेरी लवकर येते, ती घ्या. कार्टोसॅटच्या मागं रात्री लागू नका, तो साडेनऊ-दहाला येतो तेव्हा हिवाळ्यात पृथ्वीच्या सावलीत असतो. ३७ अंशवाल्यांना वेळेचं बंधन नाही, काही आठवडे संध्याकाळी, काही आठवडे पहाटे, उपग्रहांच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपमधी फेऱ्या बघून ठरवा. साधी ७×५० ची दुर्बीण पुरते. शहराबाहेर बालाघाटच्या माळावर गेलात तर फारच छान.

येत्या हिवाळ्यात ईओएस-०४ च्या पश्चिमेकडच्या फेऱ्यांच्या वेळा सेकंदासकट नोंदवायच्यात. परभणी-नांदेडकडून कुणी त्याच संध्याकाळी नोंद करणार असंल तर कळवा, दोन गावांवरून एकाच फेरीची नोंद झाली की उंची आपल्याला स्वतःला काढता येईल. सूर्य-समकालिक रकान्याचा कोरा नमुना करून ठेवलाय, पाहिजे त्यानं मागा.