लीगमध्ये अंपायर नसतो राव

मोठेपणी टेनिस लीग जॉइन करायची म्हटलं की सगळ्यांना एकच टेन्शन, आपला गेम तेवढा चांगला आहे का. अहो, लेव्हल बघूनच तर टीम पाडतात. अमेरिकेतलं एनटीआरपी रेटिंग १.५ पासून ७.० पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढतं, आणि आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा) वर्ल्ड टेनिस नंबर बरोबर उलटा, नवशिक्याला ४० आणि टॉपला १. तिथे मुद्दाम स्वतःला कमी दाखवून खालच्या लेव्हलला कप मारणारे महाभाग असतातच, सगळ्यांना ते माहीत असतात, सोडा.

खरी गंमत वेगळीच आहे. इतकी वर्षं टीव्हीवर बघितलेल्या टेनिसमध्ये कोणीतरी "आउट" ओरडणारं असायचं, इथे नेटच्या आपल्या बाजूला बॉल पडला की निर्णय आपणच द्यायचा, तोही लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल असा. बॉल लाईनला जरासा टेकला तरी इन. नीट दिसलं नाही, शंका आहे, तर पॉइंट समोरच्याचा, तिथे "मला वाटतं आउट होता" चालत नाही. क्ले कोर्टवर ठसा तरी बघता येतो, हार्ड कोर्टवर तीही सोय नाही. ५-५ ला ब्रेक पॉइंट, म्हणजे सर्व्ह करणाऱ्याचा गेम जायची वेळ असताना लाईनवर पडलेल्या बॉलला "इन" म्हणताना घशात काहीतरी अडकतं, खरं सांगतो, पण ते म्हणणाऱ्याबरोबर लोक परत खेळायला येतात, आणि जवळचा प्रत्येक बॉल आउट देणारा माणूस कितीही जिंकला तरी त्याचं नाव निघालं की सगळे एकमेकांकडे बघतात. स्कोअरचंही तेच, सर्व्ह करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी मोठ्याने सांगायचा, नाहीतर ३०-१५ की १५-३० यावर पाच मिनिटं गेलीच म्हणून समजा.

फॉरमॅट आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या सेटऐवजी १० पॉइंटचा टायब्रेक असतो, काही ठिकाणी नो-ॲड, म्हणजे ड्यूसला (४०-४० ला) एकच पॉइंट, आणि कुठल्या बाजूने घ्यायचा ते रिटर्न करणारा ठरवतो.

आणि डबल्स शिका हो! सिंगल्सचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद, डबल्सचं १०.९७, तरी सगळे कडेलाच मारायला बघतात. मधून मारा की. नेट खांबापाशी १.०७ मीटर असतं, मध्यभागी ०.९१४, आणि मधला बॉल कोणाचा यावरून समोरचे दोघं एकमेकांना "तुझा, तुझा" करत बसतात. डोक्यावरून उंच लॉब टाकणारे काका जोरात मारणाऱ्या पोरांना घाम फोडतात ते उगाच नाही.

बाकी बॅकहँड सुधारेल तेव्हा सुधारेल. कॅप्टनने शनिवारी येणार का विचारलं तर हो किंवा नाही सांगा, "बघतो" लिहू नका, बिचारा रात्री अकराला चौथा माणूस शोधत असतो.